पोपटी, राणी आणि मधली पांढरी रेघ

थळच्या कोळीवाड्यात मला पेंटर म्हणतात. माझ्या हातात ब्रश पाहिलेला एकही माणूस तिथे नाही, आणि मी तर घरच्या खिडकीलासुद्धा कधी रंग लावलेला नाही. मी वेबसाइटी करतो. त्यातही माझं खरं काम एवढंच, की कुठल्या जागी कुठला रंग ठेवायचा ते ठरवणं. ती वेबसाइट चालते कशी आणि बंद पडली तर का पडली, हे पनवेलचे एक गृहस्थ बघतात आणि मला समजेल अशा भाषेत कधीच सांगत नाहीत. या कामाला मराठीत धड नाव नाही. व्हिजिटिंग कार्डावर मी एक इंग्रजी नाव छापून घेतलं होतं. ते इतकं भारदस्त होतं की कार्ड पुढे करताना मलाच संकोच वाटायचा. कोळीवाड्याने दिलेलं नाव आखूड आहे आणि त्यात खोटंही फारसं नाही, म्हणून मी ते ठेवून घेतलं.

संपादकांनी फोनवर सांगितलं, "तुमच्या क्षेत्रातले अनुभव लिहा, पण वाचकाला प्रेरणा मिळाली पाहिजे." प्रेरणेचं माझ्याकडे काही नाही. एक गिऱ्हाईक मात्र आहे, थळच्या यमुनाबाई नाखवीण, ज्यांचं घर जाणार की राहणार हे काही काळ माझ्या रंगांवर टांगलेलं होतं. त्यांच्याबद्दल लिहितो. बाकीची गिऱ्हाइकं तोंडी लावण्यापुरती.

आधी धंदा थोडक्यात सांगतो. होडीवरचा रंग तेलाचा असतो, कागदावरचा शाईचा. पडद्यावरचा रंग म्हणजे नुसता उजेड. आमच्याकडे प्रत्येक रंगाला आकडे असतात. ते आकडे दिले की मशीन तोच रंग पुन्हा देतं, असं आम्ही गिऱ्हाइकाला छातीठोकपणे सांगतो. मग तोच रंग माझ्या पडद्यावर निळा आणि गिऱ्हाइकाच्या फोनवर जांभळा दिसला, की आम्ही हवामानावर बोलायला लागतो.

पानाला तीन रंग पुरतात. एक जमिनीचा, एक अक्षरांचा आणि एक दाराचा. दार म्हणजे ते बटन, जे दाबलं की खोली मिळते किंवा फोन लागतो. दाराचा रंग पानावर दुसरीकडे कुठेही वापरायचा नाही, नाहीतर माणूस भिंतीवर डोकं आपटत बसतो. अक्षरं जमिनीत बुडता कामा नयेत. पान तयार झालं की मी त्यातले सगळे रंग काढून ते करडं करून बघतो. तरीही वाचता आलं, तर रंगांना परत यायची परवानगी. पुष्कळ पुरुषांना तांबडा आणि हिरवा वेगळा ओळखता येत नाही आणि त्यांतल्या बऱ्याच जणांना हे ठाऊकही नसतं, म्हणून 'खोली भरली' हे नुसत्या तांबड्या ठिपक्याने सांगायचं नाही, अक्षरांत लिहायचं. शेवटी फोन घेऊन भर दुपारी मांडव्याच्या जेट्टीवर जाऊन उभं राहायचं. खोली शोधणारा माणूस थंडगार ऑफिसात बसलेला नसतो. तो नुकताच बोटीतून उतरलेला असतो, एका हातात बॅग, दुसऱ्या हातात फोन, डोळ्यांवर ऊन, आणि बायको विचारत असते, "बुक केलं होतंस ना?" त्या माणसाला जे वाचता येतं तेच खरं.

हे सगळं मी गिऱ्हाइकांना समजावतो आणि ते ऐकून घेतात. मग स्वतःच्या मनातला रंग सांगतात. उरणच्या एका कंटेनरवाल्या शेठना सगळं सोनेरी हवं होतं.

"शेठ, पडद्यावर सोनं नसतं," मी म्हटलं. "असतो तो तपकिरी आणि पिवळा. सोनं आहे असं आपण धरून चालायचं."

"मग आपल्या गेटवर आहे तो काय?"

"तो पत्रा आहे. त्यावर ऊन पडतं म्हणून तो चमकतो."

"मग वेबसाइटवर ऊन पाड की! त्याचेच पैसे देतो ना तुला?"

मी पाडलं. आजही त्या पानावर डावीकडून उजवीकडे दर थोड्या वेळाने ऊन पडतं, आणि कंटेनर बुक करायचं बटन त्या उजेडात दिसेनासं होतं. शेठ खूश आहेत. त्यांची सगळी कामं तशीही फोनवरच ठरतात.

हरिहरेश्वरच्या एका लॉजवाल्यांनी भक्तिभावाने सगळं पान भगवं करून घेतलं. जमीन भगवी, अक्षरं भगवी, दारही भगवं. मग भाविकांचे फोन येऊ लागले, की दाबायचं कुठे. "श्रद्धेने दाबा" असं त्यांना सांगता येईना, म्हणून त्यांनी मला परत बोलावलं. मी अक्षरं गडद तपकिरी केली. ते म्हणाले, "बघा, देवानेच सुचवलं." मी देवाच्या वतीने चहा घेऊन परत आलो.

यमुनाबाई माझ्या अलिबागच्या दुकानात पहिल्यांदा आल्या त्या दिवाळी सरता सरता, मुलगी प्रणालीबरोबर. प्रणाली नवी मुंबईत एका ऑफिसात नोकरीला. यमुनाबाईंचा नवरा, हरिश्चंद्र नाखवा, आजारपणात गेला होता. नाखवा म्हणजे होडीचा मालक आणि समुद्रात तिचा कप्तानही. त्याची धनलक्ष्मी नावाची होडी धाकट्या भावाने, पांडूने, दोन हंगाम कशीबशी चालवली आणि मग दिघीच्या पलीकडच्या कुणाला विकून टाकली. आता पांडू कंपनीत कंत्राटावर जातो. राहिलं होतं ते दोघा भावांचं समुद्रासमोरचं घर. मुंबईचा एकजण तिथे बंगला बांधायला टपला होता. पांडूला विकायचं होतं, यमुनाबाईंना नाही. बरीच भांडणं होऊन ठरलं ते असं, की वरच्या खोल्या पाहुण्यांना द्यायच्या. होळीपर्यंत पाहुण्यांची ये-जा सुरू झाली, तर पांडूने विक्रीचं नाव काढायचं नाही. नाही झाली, तर यमुनाबाईंनी सही करायची.

प्रणालीने मला फोनवर दोन-चार वेबसाइटी दाखवल्या. "सर, असं काहीतरी. एकदम अर्दी, मातकट. प्रीमियम वाटलं पाहिजे." सगळ्यांचा रंग एकच होता: बदामी म्हणायचं तर बदामाचा अपमान होईल इतका फिका.

यमुनाबाईंनी मान वाकडी करून पाहिलं. "ह्यो कसला रंग? भाताची पेज सांडल्यासारी."

"आई, मुंबईच्या लोकांना हेच आवडतं."

"त्यांना आजारपनात आवडत आसंल." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "पेंटर, खाली काला, त्याच्यावर पोपटी, मग पांढरी रेघ आन वर रानी रंगाची पट्टी. आमच्या होडीचा रंग हाय त्यो. तसा करा."

पोपटी आणि राणी. हे दोन भडक रंग पडद्यावर एकमेकांना चिकटून ठेवले की काठावर थरथरतात. खोटं वाटेल, पण खरोखर थरथरतात. दोघांनाही पुढे यायचं असतं आणि बघणाऱ्याच्या डोळ्याला कळत नाही कुणाला आधी घ्यावं. शिवाय मी माझं अख्खं आयुष्य लोकांना कमी रंगांत पटवण्यात घातलेलं. पैसे प्रणाली देणार होती. मी तिच्या मनासारखं केलं.

पान देखणं झालं. पेजच, पण मीठ-तूप घातलेली. जेट्टीवरच्या उन्हात अक्षरं स्वच्छ वाचता येत होती, दार गडद निळं होतं, सगळं माझ्या नियमांत बसत होतं. कोणीही आलं नाही. नाताळ गेला, सुट्ट्या गेल्या. शोधणाऱ्याच्या फोनवर थळ, किहीम, नागाव, सगळीकडच्या घरांची पानं एकाखाली एक यायची, सगळी एकाच रंगाची. बोट सरकवताना यमुनाबाईंचं घर कधी वर निघून गेलं, हे कुणाला कळायचंसुद्धा नाही.

फोटो बदलायला मी एकदा थळला गेलो होतो. पांडू ओट्यावर बसला होता, तो मोठ्याने म्हणाला, "वयनी, तुझा कम्प्युटरातला पाव्हना आला. चा ठेव."

"ते पाव्हने नाय, ते पेंटर हायत."

"आरं वा! म्हंजे गिऱ्हाईक नाय, पन पेंटर येतो." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "दादा, तुमी तरी राहा एक रात. रूमचं कुलूप गंजलंय."

त्याच दिवशी मुंबईवाल्याचा माणूस टेप घेऊन अंगणाचं माप घेत फिरत होता. यमुनाबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून त्याच्याकडे बघत होत्या. टेपचं टोक धरायला त्याला कुणी मिळेना, म्हणून त्याने ते त्यांच्याच उंबऱ्याला अडकवलं. त्यांनी पायाने ते सोडवलं आणि मला म्हणाल्या, "पेंटर, आता माजा रंग लावा. घर जायाचंच आसंल तर आमच्या रंगात जाऊ दे."

प्रणालीला मी फोन केला. ती म्हणाली, "करा सर. नाहीतरी काय होतंय."

मग सुरू झाला तो उद्योग मी आजवर कुठल्याही गिऱ्हाइकासाठी केला नव्हता. होडीचा फोटो होता, पण त्यात पुढे नाखवा उभा आणि मागे होडी, आणि इतक्या वर्षांत फोटोनेच सगळ्यांना तपकिरी करून टाकलेलं. अलिबागच्या रंगवाल्याकडे तो राणी रंग अजून मिळतो. मी डबा आणला, फळीच्या तुकड्यावर रंग लावून वाळवला आणि पडद्यावर अगदी हुबेहूब जुळवला. यमुनाबाई माझ्या खुर्चीशेजारी स्टुलावर बसल्या होत्या.

"ह्यो नाय."

"यमुनाबाई, हा डबा बघा. तुमचे मालक हाच न्यायचे. दुकानदाराला आठवतंय."

"ह्यो डब्यातला हाय. आमचा नाय."

"मग तुमचा कसा होता?"

त्यांना सांगता येईना. मी थोडा गडद केला, थोडा जांभळ्याकडे नेला, परत आणला. "ह्यो आजारी हाय." "ह्यो लगनातल्या ब्यांडवाल्याचा." "ह्यो बरा हाय, पन दुसऱ्या कुनाचा तरी हाय." मध्येच त्या उठल्या, बाहेर गेल्या. मला वाटलं कंटाळल्या. पाहतो तर रस्ता ओलांडून पलीकडच्या फुटपाथवर उभ्या, कपाळावर हात आडवा धरून, माझ्या दुकानाच्या उघड्या दारातून पडद्याकडे बघतायत. मधून रिक्षा जातायत, एसटी जातेय, आणि त्या हलत नाहीत.

तेव्हा माझ्या लक्षात आलं, की हा रंग त्यांनी जवळून क्वचितच पाहिलेला असणार. होडी रंगवताना पुरुष असायचे. बायका संध्याकाळी किनाऱ्यावर टोपल्या घेऊन थांबायच्या. होडीचं नाव वाचता येण्याच्या कितीतरी आधी पट्ट्यांवरून ओळख पटायची: ही नंदाची, ही सोनाबाईची, ही आपली. आपली दिसली की टोपली उचलायची. नाही दिसली की उभं राहायचं. मी त्यांना परत बोलावलं आणि विचारलं, "ओला असायचा का तो?"

"मग? पान्यातून येताना सुका कसा आसंल?"

ओला झाला की कुठलाही रंग थोडा बुडतो आणि आतून भरतो. मी राणीतला उजेड कमी केला, रंग तेवढाच ठेवला, वरच्या काठाला मावळतीचा किंचित पिवळा लावला. पोपटीही खाली उतरवला. दोघांमध्ये पांढरी रेघ टाकल्यावर त्यांची थरथर थांबली. मला फार कौतुक वाटलं. म्हटलं, "तुमच्या मालकांना रंगाची जाण होती हो. ही रेघ नसती तर दोन्ही रंग भांडले असते."

"कसली जान?" यमुनाबाई म्हणाल्या. "त्यांचा हात सरल चालायचा नाय. पट्टी वाकडी यायची, ती झाकाला रेघ मारायचे."

मग त्या परत रस्त्यापलीकडे गेल्या. या वेळी कपाळावरचा हात खाली आला. त्या बराच वेळ तिथेच उभ्या राहिल्या. मग रस्ता ओलांडून आल्या आणि पिशवी उचलली.

पान मी असं केलं: उघडल्याबरोबर पूर्ण पडदाभर होडीची बाजू, वर राणी, मग पांढरी रेघ, मग पोपटी, खाली काळा. काळ्यावर पांढऱ्या अक्षरांत घराचं नाव. खाली सरकवलं की सगळं शांत, पांढरी जमीन, काळी अक्षरं, खोल्यांचे फोटो. आणि दार राणी रंगाचं, पानाच्या खालच्या भागात तेवढा एकच ठिपका. व्यवहार आणि वेड यांची ही वाटणी मला जमली होती, असं मला वाटलं. प्रणालीने कोळीवाड्यातल्या ग्रुपवर पान पाठवलं, तिथून ते पुढे कुठे कुठे गेलं.

तीन-चार दिवसांनी मी थळला खोल्यांचे नवे फोटो घेत होतो, तेव्हा यमुनाबाईंचा फोन वाजला. दामा होता, नाखव्याचा जुना खलाशी, आता दिघीकडे लेकीजवळ राहणारा. त्याचा आवाज इतका मोठा की फोन कानाला लावायची गरज नव्हती.

"नाखवीन, कवा घेतलीस परत?"

"काय घेतली?"

"धनलक्ष्मी गं! फोनवर फोटू आलाय. बंदराला लागलेली दिसते!"

यमुनाबाई खाटेवर बसल्या. "दामा, ती होडी नाय. घराची जाहिरात हाय ती. पाव्हन्यांसाटी."

"जाहिरात? मग नाखव्याचा रंग कशाला लावलास?"

यमुनाबाईंनी फोन दुसऱ्या हातात घेतला.

"मी तर सगल्यांना सांगितला, धनलक्ष्मी परत आली म्हनून. नारायनला सांगितला, रेवसच्या पोरांना सांगितला. आता काय सांगू त्यांना?"

"सांग, जेवाला या," यमुनाबाई म्हणाल्या.

दामा एकटाच फसला नव्हता. रेवसहून फोन आला, बोडणीहून आला, मुंबईच्या कोळीवाड्यातून नाखव्याच्या मावसभावाचा आला. प्रत्येकाच्या फोनवर ते पान आधी अंगठ्याच्या नखाएवढं आलं होतं. त्या आकारात अक्षरं वाचता येत नाहीत, फक्त पट्टे दिसतात. शहरातला माणूस पट्टे बघून म्हणाला असता, काहीतरी डिझाइन आहे. या लोकांनी पट्टे बघून होडी वाचली. मी इतकी वर्षं गिऱ्हाइकांना सांगत आलो, की रंग अक्षरांच्या आधी बोलतो. माझ्याच वाक्याला इतके फोन येतील असं मला वाटलं नव्हतं.

दामाने त्या दिवशी फोन ठेवता ठेवता एक गोष्ट सांगितली होती. होडी अजून आहे. खाडीत ओढून ठेवलीय, नव्या मालकाने पांढरी-निळी केलीय. बघायची असेल तर तो घेऊन जाईल.

"नको," यमुनाबाई म्हणाल्या. "विकलेली होडी बगाला जात नाय रं. आन पांढरी-निली बगून मी काय करू? मना ती वलखनार नाय."

पुढच्या आठवड्यात जुने खलाशी आले, बायकामुलांसकट. वरच्या खोल्या भरल्या, ओटा भरला, काहीजण अंगणात जाळ्यावर झोपले. दामाने निघताना पैसे ठेवले तेव्हा यमुनाबाईंनी आरडाओरडा केला, आणि दामा म्हणाला, "जाहिरात बगून आलोय नाखवीन. फुकट जेवायचं आसतं तर नुसता आलो आसतो." त्यांच्यातल्याच कुणाच्या मुंबईच्या शेजाऱ्यांनी मग पान पाहिलं, ते आले. मग आणखी कुणी. 'तो पोपटी-राणीवाला होमस्टे' असं लोक एकमेकांना सांगू लागले. नाव कुणाच्याच लक्षात राहिलं नाही. ते रंगामुळे आले हे मी ठामपणे म्हणू शकतो. परत आले ते बोंबलांच्या कालवणामुळे, हेही तितकंच ठाम.

खलाशी असतानाच एका दुपारी पांडूने माझ्याकडे फोन मागितला. त्याने आजवर ते पान उघडून पाहिलं नव्हतं. फोन हातभर लांब धरून तो बघत राहिला.

"पट्टी बरोबर हाय," तो म्हणाला. मग थोड्या वेळाने, "पन डाव्या अंगाला घासलेली होती. पोपटी उडाला होता तितं. जेट्टीला लागली होती."

"कुणी लावली?"

"मीच. मी सुकानूवर होतो." त्याने फोन मला परत दिला. "आमचा दादा बोलला नाय काय. नुसता रंगाचा डबा घेऊन बसला दुसऱ्या दिवशी."

होळीच्या आधी मुंबईवाल्याचा माणूस कागद घेऊन आला. खोल्यांत पाहुणे होते, ओट्यावर पाहुण्यांची मुलं पत्ते खेळत होती. बसायला जागा नव्हती, म्हणून पांडू त्याला फाटकाशीच भेटला. काय बोलणं झालं ते मला ठाऊक नाही. पांडू परत आला आणि वहिनीला म्हणाला, "पुडच्या सालापर्यंत थांब बोललो त्याला." यमुनाबाईंनी तेवढंही पुष्कळ मानलं. पांडू 'कधीच नाही' म्हणणाऱ्यांतला नव्हेच.

मला वाटलं, माझं काम संपलं. आषाढात यमुनाबाई दुकानात हजर.

"पेंटर, रंग कवा लावायचा?"

"कसला?"

"होडीला. नारली पुनव आली."

पावसात किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होड्या नारळी पौर्णिमेच्या आधी रंगवतात. वर्षभर खाऱ्या पाण्याने, उन्हाने रंग उडालेला असतो. नवा लावायचा, नारळ वाहायचा, मग समुद्रात जायचं. मी त्यांना समजावलं, की यमुनाबाई, पडद्यावरचा रंग उडत नाही. आकडे असतात ते. तुम्ही आम्ही जाऊ, आकडे तसेच राहतील. हे माझ्या धंद्यातलं सगळ्यांत मोठं आश्वासन आहे आणि मी ते जरा अभिमानाने दिलं.

त्या माझ्या पडद्याकडे बघत राहिल्या. "जराबी उडत नाय?"

"जराही नाही."

"मग समुद्रात जाऊन आली ते कलनार कसं?"

त्यांचा चेहरा एखादी वस्तू दुकानात मिळत नाही असं कळल्यासारखा झाला. नारळाची पिशवी त्यांनी बरोबर आणली होती, ती तशीच परत नेली.

मी अलिबागचाच. लहानपणी मीही धक्क्यावर उभा राहून होड्या रंगांवरून ओळखायचो. आता बहुतेक होड्या फायबरच्या आहेत, पांढऱ्या, आणि त्यांना दरवर्षी रंगवायची फारशी गरज पडत नाही. माझ्यासमोरच्या पडद्यावर लाखोंनी रंग आहेत. त्या दुपारी मी त्यांतून कितीतरी वेळ फिरलो, आणि मला ते सगळे अजून समुद्रात न उतरलेले वाटले.

मग मी पनवेलच्या गृहस्थांना फोन केला आणि एक गोष्ट होईल का ते विचारलं. ते म्हणाले, होईल, पण कुठलाही शहाणा माणूस असं करणार नाही. मी म्हटलं, बिल मला पाठवा.

आता त्या पानाचे रंग उडतात. दर महिन्याला थोडे; एका दिवसात कुणाच्या लक्षात येणार नाही इतके. दिवाळीला पोपटी जरा दमलेला असतो, होळीला राणी कडेने फिकी पडते, वैशाखात तर पट्टे उन्हात बसलेल्या माणसासारखे दिसतात. डावीकडे पोपटीत एक ओरखडा आहे. तो पांडूला दाखवून त्याच्या म्हणण्याप्रमाणे दोनदा सरकवला. दाराचा रंग मात्र मी उडू देत नाही. माझ्या धंद्यातल्या लोकांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी मला विश्रांती घ्यायचा सल्ला दिला.

आणि दरवर्षी नारळी पौर्णिमेच्या आधी यमुनाबाई येतात, स्टुलावर बसतात आणि आम्ही रंग लावतो. यंदा पांडूही आला होता. घराचा विषय त्याने अजून पुरता सोडलेला नाही. दरवर्षी 'पुडच्या सालापर्यंत' असं म्हणतो आणि साल जातं. माझ्या दुकानाच्या पायरीवर त्याने नारळ फोडला. पाणी शेजारच्या गिरणीवाल्याच्या पिठाच्या पोत्यावर उडालं, त्यावरून थोडी बाचाबाची झाली. मग मी नवे रंग चढवले आणि यमुनाबाईंच्या फोनवर पान उघडायला लावलं. त्या दिवशी नेट अगदीच मंद होतं. पडदा कोरा, मधोमध ते गोल चक्र फिरत राहिलेलं.

पांडू पायरीवरून ओरडला, "वयनी, चल ना! घरी ठान्याचे पाव्हने येऊन बसलेत. जेवान कोन वाडनार?"

यमुनाबाईंनी त्याच्याकडे न बघता हात वर केला. फोनवर वरच्या काठाशी राणी रंगाची एक पट्टी उमटली होती, तिच्याखाली अजून काही नव्हतं.

"थांब रं जरा," त्या म्हणाल्या. "बंदराला लागू दे."